पळस, सावर आणि पाखरं

फाल्गुन सरत आला की टेकडीवर हिरवं फारसं उरत नाही. गवत वाळून करडं होतं आणि नेमके तेव्हाच पळस, पांगारा, सावर फुलतात. पानं गळालेली, त्यामुळे लालकेशरी फुलं पाखरांना लांबूनही दिसतात.

खाली पडलेलं पळसाचं एक फूल उचलून बघा. देठाशी काळपट, मखमली पेला आणि त्यातून पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली केशरी पाकळी. शिंजीर मधासाठी आत चोच घालतो, तेव्हा पराग त्याच्या अंगाला चिकटून पुढच्या फुलावर पोचतात. खारही हेच काम करते, अर्थात पोटाच्या नादात!

सावरीवर तर सकाळी नुसती झुंबड असते. मैना, बुलबुल, कोतवाल, कावळेसुद्धा. हिवाळ्यात आपल्याकडे आलेल्या पळसमैना इथला मध पिऊन एप्रिलच्या सुमारास मध्य आशियाकडे परत निघतात. एवढ्या लांबच्या प्रवासाची शिदोरी आपल्या माळावरची!

फिरायला निघालो की आपण मोबाइलवर पावलं मोजतो. मला विचाराल तर आज थोडी कमी भरली तरी चालतील. सावरीखाली जरा थांबा. जाडजूड फुलं धप्पकन पडतात. जंगलात हीच फुलं वेचायला चितळ आणि भेकर येतात.