भाषेचं नाव कोण ठेवतो?

परवा वस्तीतल्या अभ्यासवर्गात एका पोराने प्रश्न टाकला. "दादा, आपण घरात बोलतो ती मराठी न्हाईच. मराठी त्यांची. आपल्या बोलीला आपण येगळं नाव देऊ. खड्ड्यात गेली त्यांची मराठी."

पोरं हसली. मला हसू आलं नाही. शाळेत मी 'पानी' म्हणालो म्हणून गुरुजींनी मला उभं करून तो शब्द वर्गापुढं दहादा म्हणायला लावला होता. दहाही वेळा वर्ग हसला होता. त्या पोराच्या तोंडून तोच राग बोलत होता.

त्याला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. आज देतो. पण त्यासाठी बेल्जियमला जावं लागेल. भाषेचं नाव कोण ठेवतो आणि त्या नावाने कुणाचा गळा आवळला जातो, यावर तिथं शंभराहून जास्त वर्षं माणसं भांडली.

'फ्लेमिश' म्हणजे फ्लांडर्सची भाषा. मुळात फ्लांडर्स हा ब्रूज, गेंट या शहरांचा एक मुलूख. आंटवर्प, ब्रसेल्स त्यात नव्हते. ते ब्राबांट मुलखातले. तेराव्या शतकात याकोब फान मारलांट हा कवी फ्लांडर्समध्ये लिहीत होता. तो आपल्या भाषेला म्हणायचा 'डीट्स'. डीट्स म्हणजे लोकांची भाषा. पंडितांची लॅटिन आणि लोकांची डीट्स. आज इंग्रज 'डच' म्हणतात तो शब्दही याच मुळातला. म्हणजे लोकांनी स्वतः ठेवलेलं नाव एवढं साधं होतं.

१८३० साली बेल्जियम स्वतंत्र झाला. निम्म्याहून जास्त माणसं हीच भाषा बोलणारी. १८३१ च्या घटनेने सांगितलं, ज्याला जी भाषा वापरायची ती वापरा. वा रे स्वातंत्र्य! कारण मत देणारे मूठभर श्रीमंत. न्यायाधीश, मंत्री, लष्करातले अधिकारी सगळे फ्रेंच बोलणारे. आणि हे सगळे बाहेरून आलेले नव्हते बरं का. गेंटचे गिरणीमालक, वकील, जमीनदार फ्लांडर्सच्याच मातीतले. पण दिवाणखान्यात फ्रेंच आणि मोलकरणीशी, कामगाराशी फ्लेमिश. एका मुलखाचं नाव आता साऱ्या उत्तर भागाला चिकटलं, आणि त्या नावाच्या आड युक्तिवाद उभा राहिला: फ्लेमिश ही भाषाच नव्हे, ते बोलींचं गाठोडं. दर गावात वेगळी. हिच्यात कायदा कसा लिहिणार? हिच्यात विज्ञान कसं शिकवणार?

दोस्तांनो, ही वाक्यं ओळखीची वाटतात की नाही?

या नावाची किंमत काय असते ते कोर्टात कळतं. १८६० साली यान कुके आणि पीटर खुटाल्स या दोन फ्लेमिश मजुरांना एका विधवेच्या खुनाबद्दल शार्लरुआ शहरात गिलोटिनवर चढवलं. खटला फ्रेंचमध्ये चालला. ती भाषा त्यांना धड येत नव्हती. पुढं दुसऱ्या टोळीचा खटला उभा राहिला आणि या दोघांचा खरंच गुन्हा होता का, असा गदारोळ उठला. ते दोषी होते की नव्हते यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. मी त्या वादात पडत नाही. मला इतकंच दिसतं, की ज्या भाषेत माणसाचा जीव घेतला गेला ती त्याची भाषा नव्हती.

मग एकेक दार ठोठावून उघडलं गेलं. १८७३ साली फ्लांडर्समधल्या फौजदारी खटल्यांत लोकांची भाषा आली. १८९८ साली त्या भाषेतल्या कायद्याला फ्रेंचइतकंच वजन मिळालं. तरी १९०६ साली देशातले बिशप सांगत होते की उच्च शिक्षण फ्रेंचमध्येच हवं. गेंटचं विद्यापीठ डच भाषेचं व्हायला १९३० उजाडलं. आणि घटनेच्या डच मजकुराला फ्रेंच मजकुराची बरोबरी मिळाली १९६७ साली. एकशे छत्तीस वर्षं!

या लढाईत त्या पोराचाच प्रश्न उभा राहिला होता. पश्चिम फ्लांडर्सचा पाद्री-कवी खीडो खेझेले आणि त्याच्या बाजूचे लोक म्हणत, आमच्या मातीतले शब्द टाकू नका. दुसरे म्हणत, आपली आणि हॉलंडची भाषा एकच. तिचं नाव नेदरलांड्स. तिला कोश आहे, व्याकरण आहे, राज्य आहे. 'फ्लेमिश' म्हणत राहिलो तर ते आपल्याला गाठोडंच म्हणत राहतील. दुसरी बाजू जिंकली. १९७३ साली कायद्याने भाषेचं नाव ठरलं: नेदरलांड्स, म्हणजे डच. लोक मात्र फ्लेमिशच राहिले. त्यांची संसद फ्लेमिश, भाषा डच.

इथवर टाळ्या वाजवाव्यात. पण पुढं ऐका.

मोठं नाव मिळालं आणि घरातच नवा गुरुजी उभा राहिला. शाळेत, रेडिओवर जी प्रमाण भाषा शिकवली जायची तिचं नाव होतं 'सर्वसामान्य सुसंस्कृत डच'. सुसंस्कृत! मग पश्चिम फ्लांडर्सच्या शेतकऱ्याचं पोर घरून जे शब्द घेऊन आलं ते काय? आधी फ्रेंचवाला त्याला गावंढळ म्हणायचा, आता त्याचाच भाऊ म्हणू लागला. पुढं ते 'सुसंस्कृत' विशेषण मागे पडलं खरं. पण ते लावणारे हात परके नव्हते.

आणि १९६८ साली ल्यूव्हेनच्या विद्यापीठातून फ्रेंच बोलणाऱ्यांनी चालतं व्हावं म्हणून घोषणा झाल्या. सरकार पडलं. विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. ग्रंथालयाची पुस्तकंसुद्धा सम आणि विषम क्रमांकांनी वाटून घेतली. फ्लेमिश विद्यार्थ्यांची तक्रार खोटी नव्हती. पण तोडलेल्या ग्रंथालयाने कुणाचं ज्ञान वाढलं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

बाबासाहेबांनी १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना हाच धोका दाखवला होता. एका भाषेचं राज्य झालं की त्या भाषेतली बहुसंख्य जात ते गिळते आणि लहान समाज तिच्या तोंडाकडे बघत बसतात. भाषा आपली झाली म्हणजे न्याय आपला झाला, असं होत नाही.

तर पोरा, माझं उत्तर असं. मराठी हे नाव त्यांना आंदण देऊ नको. या भाषेत आपल्या बापजाद्यांनी घाम गाळलाय. कोर्ट, कचेरी, विद्यापीठ या नावानेच उघडतं. ते नाव धर, आणि त्याच्या आत 'पानी' ठेव. कुणी काढायला सांगितला तर विचार, अर्थ कळला ना? मग काढू कशाला?

आणि एक गोष्ट माझ्यासाठी. आपल्या वर्गात ते पारधी पोरगं येतं. मागच्या महिन्यात ते उभं राहिलं, दोन वाक्यं त्याच्या घरच्या भाषेत बोलून गेलं. वर्ग हसला. त्या हसण्यात मीही होतो. त्याच्या भाषेला ते काय म्हणतं, हे मी त्याला विचारलं नाही. येत्या रविवारी विचारणार आहे. तुम्हीही या.