दिलेला शब्द आणि दंडाची रक्कम

जुलै २०२२मध्ये पाकिस्तानच्या सरकारी कंपनीनं द्रवरूप नैसर्गिक वायूच्या, म्हणजे एलएनजीच्या, दहा जहाजांसाठी निविदा काढली. एकही बोली आली नाही. त्याच महिन्यात बांगलादेशानं खुल्या बाजारातून एलएनजी घेणं थांबवलं आणि देशभर ठरवून लोडशेडिंग सुरू केलं. जगातला गॅस संपला होता का? नाही. जहाजं समुद्रात होतीच. फक्त त्यांची तोंडं युरोपकडे वळली होती.

कारण आपल्याला माहीत आहे. २४ फेब्रुवारी २०२२ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. त्याआधीच्या वर्षी युरोपियन युनियनच्या गॅस आयातीतला साधारण ४५ टक्के वाटा रशियाचा होता. तो आटत गेला. पाइपलाइन जिथे पुरली तिथेच राहते. पण गॅस उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचं आकारमान सुमारे सहाशे पटीनं घटतं आणि तो जहाजात बसतो. आणि जहाज रिक्षासारखं असतं, जास्त भाडं देणाऱ्याकडे वळतं. ऑगस्टच्या अखेरीस युरोपातला भाव मेगावॉट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला. आधीच्या दहा वर्षांत तो बहुतेक काळ तिशीच्या आत असायचा. या भावात ढाका किंवा कराची काय बोली लावणार?

‘युरोपनं गरिबांचा गॅस पळवला’ असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. जर्मनीच्या मंत्र्याला जर्मनीतल्या म्हाताऱ्यांची घरं उबदार ठेवायची होती; तेच त्याचं काम. त्यांनी गॅसचा वापरही कमी केला, बंद पडलेली कोळशाची केंद्रं पुन्हा पेटवली.

आणि आपण तरी काय केलं होतं? २०२१च्या वसंतात कोविडची दुसरी लाट आली तेव्हा भारतानं पुण्यात बनणाऱ्या लशीची निर्यात जवळजवळ थांबवली. तिच्यावर विसंबलेले आफ्रिकेतले देश महिनोन्‌महिने वाट पाहत राहिले. तेव्हा ‘आधी आपली माणसं’ हे आपल्याला इतकं स्वाभाविक वाटलं, की त्यावर वाद घालावा असंही फारसं कुणाला वाटलं नाही.

तरी एक फरक उरतो. लशीचा निर्णय एका सरकारचा होता. त्याला बोल लावता येत होता, जाब विचारता येत होता. गॅसच्या बाबतीत बांगलादेशातल्या बंद पडलेल्या वीजकेंद्राचा जाब कुणाला विचारायचा? खरेदी करणारा म्हणतो, मी फक्त भाव दिला. विकणारा म्हणतो, मी फक्त भाव घेतला. निर्णय झालेला असतो, पण तो घेणारा माणूस सापडत नाही.

विकणाऱ्याकडे मात्र जरा थांबून पाहायला हवं. पाकिस्तानकडे दीर्घ मुदतीचे करार होते. तरीही काही पुरवठादारांनी ठरलेली जहाजं पाठवली नाहीत. करारातला दंड भरूनही तोच माल युरोपात विकणं फायद्याचं ठरेल, इतका भावातला फरक होता. भारताच्या ‘गेल’लाही याची झळ लागली. रशियाच्या गॅझप्रॉमच्या ज्या कंपनीशी तिचा वीस वर्षांचा करार होता, तिचा ताबा २०२२मध्ये जर्मन सरकारकडे गेला आणि ठरलेला गॅस येईना.

अमेरिकी कायदेपंडित ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८९७मध्ये मांडलं होतं, की करार पाळण्याचं कर्तव्य म्हणजे एवढंच: पाळला नाहीत तर भरपाई द्यावी लागेल. बस. त्यात नैतिकता शोधू नका. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी यावरून असंही म्हटलं, की मोडण्यात जास्त फायदा असेल तर करार मोडणंच शहाणपणाचं.

कोर्टापुरतं हे ठीक असेल. पण आपल्याकडे जमिनीचा इसार देतात तेव्हा त्या रकमेपेक्षा मोठं काहीतरी ठरलेलं असतं. उद्या दुप्पट देणारा आला म्हणून इसार परत करणाऱ्याला गाव काय म्हणतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. दंड ठेवलेला असतो तो न जमल्यास; शब्द फिरवण्याचं तिकीट म्हणून नाही. शिवाय तो दंड मालाच्या करारातल्या किमतीवर मोजला जातो. फैसलाबादच्या कापडगिरणीतल्या कामगाराची बुडालेली पाळी त्यात कुठेच बसत नाही. म्हणून माझ्या मते दोष जास्त बोली लावण्यात नाही. तो आहे शब्दाला भावफलकावर चढवण्यात. दीर्घ मुदतीचा करार माणूस वाईट दिवसांसाठीच करतो ना? स्वस्ताईत तर कुणीही गॅस देतं.

फेब्रुवारी २०२३मध्ये पाकिस्तानच्या ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं, की आता गॅसवर चालणारी नवी वीजकेंद्रं नकोत. देशातल्या कोळशावरची वीज चौपट करू. हवामान परिषदांत याच देशांना कोळसा सोडून गॅसकडे वळा, असं सांगितलं जात होतं. २०२४मध्ये तर पाकिस्ताननं सुमारे १७ गिगावॉटची सौर पॅनेलं आयात केली. बरीचशी लोकांनी स्वतःच्याच पैशानं, स्वतःच्याच छपरावर बसवली. छपरावर येणाऱ्या उन्हाला जास्त बोली लावून कुणी दुसरीकडे वळवू शकत नाही.