सिलिंडरवाल्याच्या मांड्या

रिओ द जानेरोमध्ये डोंगरउतारावरच्या एका वस्तीत गॅसचे सिलिंडर पोचवणारा एक पोरगा होता. चढ असा, की गाडी अर्ध्यावरच थांबायची. पुढे सिलिंडर खांद्यावर घ्यायचा आणि पायऱ्या चढायच्या. त्याच्या मांड्या इतक्या भरल्या होत्या की बाजारातली तयार पँट त्याला कधी बसलीच नाही. खालच्या गल्लीतला शिंपी त्याला मापाच्या शिवून द्यायचा.

संध्याकाळी तो जिउ-जित्सू शिकायला जायचा, आणि त्याच शिंप्याची मुलगीही तिथे यायची. वजन त्याच्या निम्मं. दोघांचा पट्टा अजून पांढराच.

आपल्याकडे तांबड्या मातीत पाठ टेकली की कुस्ती संपली, पैलवान मान खाली घालून घरी. जिउ-जित्सूत पाठ टेकल्यावरही अर्धा खेळ शिल्लक असतो. उताणं पडायचं, अंगावर आलेल्याची कंबर दोन्ही पायांनी वेढायची. याला गार्ड म्हणतात. तिथून जे डाव निघतात त्यांतला ट्रँगल आपल्या सिलिंडरवाल्याच्या मनात भरला होता. समोरच्याची मान आणि एक हात पायांच्या त्रिकोणात अडकवायचा, की झालं. पायांत दम असणाऱ्याचा हा डाव, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

त्या दिवशी मुलगी त्याच्या गार्डमध्ये होती. त्याने तिची दोन्ही मनगटं धरली, एक हात तिच्याच पोटाकडे ढकलला, कंबर उचलून त्या बाजूचा पाय तिच्या खांद्यावरून मानेमागे टाकला. इथवर छान. मग घाई झाली. ती समोरासमोर ताठ असतानाच त्याने पावलं एकमेकांत अडकवली आणि सगळा जोर लावून आवळायला घेतलं. तिचा चेहरा लाल झाला, कान चुरगळले, पण हार मानल्याची खूण म्हणून तिने काही थापटलं नाही. मानेच्या एका बाजूला अख्खा पंजा जाईल एवढी फट होती. ती पाठ सरळ ठेवून मुकाट श्वास घेत राहिली. थोड्या वेळाने त्याच्या मांडीत गोळा आला. पाय सुटले, आणि ती त्याच्या छातीवर जाऊन बसली.

"हिची मानच बारीक आहे," तो पाय चोळत म्हणाला.

प्रोफेसर हसले. तिथे शिकवणाऱ्याला प्रोफेसरच म्हणतात, कॉलेजात पाऊल टाकलं नसलं तरी. ते मुलीला म्हणाले, "आता तू खाली जा."

तिने तोच पाय तसाच टाकला, पण पावलं अडकवली नाहीत. आधी त्याचं डोकं खाली ओढून धरलं. मानेमागून आलेली आपली नडगी हाताने पकडली. मोकळं पाऊल त्याच्या कंबरेवर रोवलं आणि स्वतःचं अंग बाजूला फिरवलं, इतकं तिरकं की त्याच्या नाकाऐवजी कान तिच्यासमोर आला. मग कुठे घोटा दुसऱ्या गुडघ्याच्या लवणीत बसवला. एका बाजूने तिची मांडी, दुसऱ्या बाजूने त्याचाच खांदा; मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एकदम दाबल्या गेल्या. श्वास चालू होता, तरी डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने घाईघाईने तिची पोटरी थापटली. तिचे पाय म्हणजे नुसत्या काड्या!

"जोर सगळ्यात शेवटी लावायचा," प्रोफेसर म्हणाले. "आधी जागा साधायची. दार चौकटीत बसलं नसेल तर कडी कितीही ओढा, लागत नाही."

पोराचं तोंड उतरलेलं बघून त्यांनी टल्साची गोष्ट काढली. १९९४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, टल्सा शहरात यूएफसी या वेगवेगळ्या पद्धतींच्या लढवय्यांच्या चौथ्या स्पर्धेची अंतिम लढत होती. एकीकडे डॅन सेव्हर्न, कसलेला कुस्तीगीर. दुसरीकडे याच रिओत जन्मलेला रॉयस ग्रेसी, सेव्हर्नपेक्षा तीस किलोंहून जास्त हलका. सेव्हर्नने त्याला खाली घेतलं आणि वरून दाबून धरलं. मिनिटांवर मिनिटं तेच चित्र. पैसे भरून घरी टीव्हीवर बघणाऱ्या कित्येकांचं प्रक्षेपण ठरल्या वेळेला बंद झालं, आणि ती माणसं वरचाच जिंकणार असं धरून झोपायला गेली असतील. खालचा मात्र पाय जाग्यावर येईपर्यंत थांबून होता. १५ मिनिटं ४९ सेकंदांनी ट्रँगल लागला आणि सेव्हर्नने थापटलं.

"ग्रेसीला पंधरा मिनिटांचा धीर होता," मुलगी म्हणाली, "तुला पंधरा सेकंदांचाही नाही."

हे त्याला लागलं. तिच्या बापाने शिवलेल्या पँटचे पैसे अजून द्यायचे होते, म्हणून गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडी लागली. ती त्याचा गार्ड ओलांडायला निघाली आणि तिचा एक हात त्याच्या पायांच्या आत, एक बाहेर राहिला. त्याने पाय टाकला. पावलं एकमेकांना शिवत होती. वाटलं, आत्ताच अडकवावी. त्याने स्वतःला आवरलं. डोकं ओढलं. नडगी धरली. पाऊल तिच्या कंबरेवर टेकलं, पण अंग फिरवताना तिने पाठ ताठ केली आणि सगळं निसटलं. तो परत गार्डमध्ये आला. पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला कान दिसला. तेव्हा घोटा लवणीत सरकवला आणि आता आवळावं म्हणून त्याने नीट श्वास घेतला.

"अरे सोड!" प्रोफेसर ओरडले.

"सोडू? अजून आवळलंच नाही मी!"

"ती मघापासून थापटतेय!"

त्याने दचकून पाय उघडले. ती मान चोळत उठून बसली, दोनदा खोकली आणि म्हणाली, "पँटचे पैसे उद्यापर्यंत दे. आणि आता खाली मी."