पाच फण्यांपाशी

बसा. घाई नाही.

कन्नड मागे राहिलंय. गौताळ्याच्या रानात, सातमाळ्याच्या कुशीत पितळखोऱ्याची लेणी आहेत. वैशाखाची दुपार. पायऱ्या तापल्यात. ओढा आटलाय.

घसा कोरडा पडलाय ना? पडू द्या. बाटली पिशवीतच राहू द्या, थोडा वेळ.

चौथ्या लेण्याचं दार बघा. द्वारपाल, हत्तींची रांग. सावकाश.

आता नजर नागावर आणा. पाच फण्यांचा दगडी नाग. इसवी सनापूर्वी 2ऱ्या शतकाच्या सुमाराचा.

जवळ जा. हात लावू नका. फण्यांतली भोकं दिसतायत? लेण्यात झिरपणारं पाणी चरातून यावं आणि या भोकांवाटे बाहेर पडावं, अशी ती योजना. पाणी घालवायचं तेही फण्यांतून! कोण रसिक असेल तो पाथरवट.

आत्ता भोकं कोरडी आहेत.

थांबा. इथंच थांबा.

श्वास घ्या. गरम हवा, वाळल्या पाचोळ्याचा वास. जीभ टाळूला चिकटते. ओठांवर खारट लागतं. गिळायला काही नाही, तरी गिळलं जातं.

इथल्या भिक्खूंची तण्हा तीच आपली तहान. ते सगळ्याच हव्यासाला तण्हा म्हणत आणि तिच्यातून सुटू बघत. घशाची तहान मात्र त्यात ओढू नये, असं मला वाटतं. रक्त किंचित खारट होतं आणि मेंदू पाणी मागतो. हिच्यात कसला आलाय हव्यास?

नुसती बघा तिला. कुठं आहे? घशात? छातीत? जिथं असेल तिथं असू द्या.

पुन्हा श्वास घ्या.

आता बाटली काढा. एकच घोट. लगेच गिळू नका. जिभेवर राहू द्या. गालांच्या आत फिरू द्या. मग सोडा. गारवा कुठवर उतरतो?

बरं वाटलं. खरं तर हे पाणी रक्तात पोचायला अजून काही मिनिटं जातील. घशानं आधीच वर्दी दिली.

आणखी एक घोट. सावकाश.

परतीचा चढ आहे, पाणी राखून ठेवा. बरोबर कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यानं मागायची वाट बघू नका, आपणहून पाजा. उतारवयात शरीराला पाणी हवं असतं, पण तहान लवकर लागत नाही.