ती जाळी फोडलीस कशाला?

हातोडा खाली ठेव आणि आधी माझ्याकडे बघ. परवा संध्याकाळी वाकोला पुलाखाली तुझ्या गॅरेजसमोर मी एवढंच म्हणालो आणि घरी निघून आलो. गिऱ्हाइकांसमोर, तुझ्या हाताखालच्या पोरांसमोर तुला बोलायचं नव्हतं. आता बसून लिहितोय. तुझं नाव घालत नाही, कारण तुझ्याच बॅचच्या आणखी तिघा-चौघांनी हाच उद्योग मांडलाय. हे आपल्यालाच बोललंय असं समजून त्यांनीही वाचावं.

मी काय पाहिलं ते सांगतो. शाळेची व्हॅन जॅकवर चढवलेली. सायलेन्सरचा पुढचा भाग खोलून फरशीवर उभा केलेला. तू त्यात गज घालून वरून ठोकत होतास आणि खालून राखाडी तुकडे पडत होते. त्यातला एक मी उचलला. मधाच्या पोळ्यासारखी भोकं, एकेकातून सुई जेमतेम जाईल. पोरं त्याला ‘जाळी’ म्हणतात, पण तू त्याला जाळी म्हणू नकोस. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा शब्द तू माझ्या वर्गात लिहायला शिकलास. त्या भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप असतो. कार्बन मोनॉक्साइड आत गेला की कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर येतो, न जळलेल्या इंधनाचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो. आकृतीसकट हे तू वहीत उतरवलं होतंस. ती वही मी तपासलीय, खाली लाल शाईने ‘उत्तम’ लिहिलंय.

आणि तू मला सांगतोस, “सर, जाळी चोक झाली होती. काढली की पिकअप मिळतो.”

चोक का झाली, हे विचारलंस का स्वतःला? जाळी आपणहून चोक होत नाही. एक प्लग मिसफायर करत असणार, किंवा इग्निशन कॉइल अधूनमधून दगा देत असणार. सिलिंडरमध्ये न जळलेलं इंधन पुढे गेलं आणि जाळीत जाऊन पेटलं. जाळी वितळली, तुंबली. नाहीतर रिंगा गेल्यात, इंजिन ऑइल खातंय आणि त्याची राख लेपावर बसलीय. दोन्हींत दुखणं इंजिनात आहे. तू प्लग काढून पाहिले नाहीस, कॉम्प्रेशन मोजलं नाहीस, ऑइल किती कमी होतंय ते ड्रायव्हरला विचारलं नाहीस. तापाच्या रोग्याचा ताप उतरवायचा सोडून तू थर्मामीटर फोडलास. याला मेकॅनिकी म्हणत नाहीत.

याहून वाईट गोष्ट मी नंतर पाहिली. मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली तू एक बोटभर स्पेसर बसवलायस. सेन्सर धुराच्या प्रवाहातून थोडा बाहेर ओढला की त्याला जाळी असल्याचा भास होतो आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागत नाही. हे अडाणी माणसाचं काम नाही. पेट्रोलच्या एक किलोला १४.७ किलो हवा मिळाली तरच जाळी तिन्ही कामं नीट करते, म्हणून पुढचा सेन्सर हवा-इंधनाचं प्रमाण सांभाळतो आणि मागचा सेन्सर जाळीवर पहारा ठेवतो, हे ज्याला कळतं त्यालाच तो स्पेसर सुचतो. तुला हे मी शिकवलं. पहारेकरी कुठे उभा असतो ते मी दाखवलं आणि तू जाऊन त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधलीस. परवा रात्री मला झोप लागली नाही, ती यामुळे.

तू म्हणालास, “पण धूर कुठे दिसतोय?” अरे, पहिल्या तासाला मी जुन्या डिझेल टेम्पोच्या नळीवर पांढरा रुमाल धरला होता, त्यावर काळं वर्तुळ उमटलं होतं, ते तुम्ही सगळे लक्षात ठेवून बसलात. काळा दिसला की इंधन जास्त, निळा दिसला की ऑइल जळतंय, एवढं पाठ झालं. त्याच तासाला मी पुढे काय म्हणालो होतो? सगळ्यात घातकी वायूला रंगही नसतो, वासही नसतो. या व्हॅनच्या नळीवर रुमाल धरलास तर तो पांढराच राहील. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. तू खोलून परत बसवलेल्या त्या जॉइंटला नवं गॅस्केट घातलंस का? मला तरी तिथे जुनंच दिसलं. तिथून गळती झाली तर वायू फरशीच्या फटीतून सीटखाली येणार, आणि सीटवर कोण बसतं? पहिली-दुसरीतली पोरं. दत्तमंदिर रोडवरून सकाळी निघालेली व्हॅन हायवेच्या सिग्नलला पाच-सात मिनिटं इंजिन चालू ठेवून उभी राहते, हे तू रोज बघतोस. आणि थंडीच्या दिवसांत समुद्राचा वारा मंदावला, गार हवेवर उबदार हवेचं झाकण बसलं की पुलाखालचं सगळं पुलाखालीच राहतं.

आता तुझ्या वडिलांबद्दल. रागावू नकोस, मी त्यांना ओळखत होतो. त्यांची टू-स्ट्रोक रिक्षा होती, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालायची. निम्मं ऑइल निळा धूर होऊन बाहेर पडायचं. १९९९ मध्ये धुराने त्रासलेल्या मुंबईकरांची याचिका उच्च न्यायालयात आली, परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांची समिती बसली, आणि न्यायालयाच्या आदेशांनी जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. रिक्षावालेही हळूहळू वळले. तुझ्या वडिलांनी कर्ज काढून नवी गाडी घेतली. गॅसच्या रांगेत रात्री तास-तास काढले. त्या तासांत त्यांचं भाडं बुडालं. खोकला मात्र पुढे कमी झाला, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. ज्या घराने हवेसाठी एवढं सोसलं, त्या घरातला मुलगा जाळ्या फोडतोय.

देशानेही सोसलंय. १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसं लेपाला मारतं, म्हणून फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. १ एप्रिल २०२० ला बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर उडी मारली, मधली पायरी गाळून. इंधनातलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आलं. त्यासाठी आपल्या शेजारच्या माहूलसह देशभरच्या रिफायनऱ्यांनी नवी यंत्रं बसवली. तो खर्च शेवटी तुझ्या-माझ्या खिशातूनच गेला. हे सगळं कशासाठी? तर त्या मूठभर राखाडी जाळीने तिचं काम नीट करावं म्हणून. आणि तू ती अर्ध्या तासात फोडून बादलीत टाकलीस.

“पीयूसी मिळते, सर.” मिळत असेल, कशी मिळते तेही मला माहीत आहे. नळी टोकापाशी जेमतेम अडकवायची, नाहीतर गाडी न आणताच नंबरप्लेटचा फोटो पाठवायचा. प्रामाणिकपणे तपासलं तर बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल मोटारीला रिकाम्या चालीत कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो. आणि समजा तू गाडी ट्यून करून तेवढ्यात बसवलीसही, तरी पीयूसीत नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. ते कमी करणारं एकच साधन त्या गाडीत होतं. कागद हातात आला म्हणून वायू थांबत नाही. उद्या पकडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि तीन महिने लायसन्स रद्द. ते लायसन्स तुझं नाही, त्या ड्रायव्हरचं जाणार. त्याला तू हे सांगितलं होतंस का?

मालकाने सांगितलं म्हणून केलं, असं मला लिहून पाठवू नकोस. फोक्सवॅगनच्या इंजिनिअरांनाही वरून सांगितलं होतं. चाचणी चालू आहे हे गाडीनेच ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं सभ्य वागायचं, असं सॉफ्टवेअर त्यांनी बसवलं. २०१५ मध्ये ते उघडं पडलं. जगभरातल्या एक कोटीहून अधिक गाड्यांत ते सापडलं. रस्त्यावर नायट्रोजनचे ऑक्साइड काही गाड्यांत मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जात होते. जेम्स लियांग नावाच्या इंजिनिअरला २०१७ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने चाळीस महिन्यांची कैद दिली. तो हुशार होता, त्याचं शिक्षण तुझ्या दसपट होतं. त्याने जे लाखो गाड्यांत केलं तेच तू एका व्हॅनमध्ये केलंस. सेन्सरला खोटं दाखवलंस.

नवा कन्व्हर्टर महाग पडतो, मला माहीत आहे. शाळेच्या व्हॅनवाल्याचं पोट महिन्याच्या फीवर चालतं, तेही माहीत आहे. म्हणून तर सांगतोय, आधी प्लग आणि कॉइल बघ. त्यांना शेकड्यांत खर्च येतो, आणि ते वेळेवर बदलले असते तर हा हजारोंचा खर्च आलाच नसता. सहा महिन्यांपूर्वी हीच व्हॅन तुझ्याकडे सर्व्हिसला होती, ड्रायव्हर म्हणाला मला. एअर फिल्टर झटकून परत घातलास आणि प्लग काढलेच नाहीस. कन्व्हर्टरच्या खर्चातला अर्धा वाटा तू द्यायला हवास. तुझ्या चुकीचा वाटा आहे तो.

सोमवारी सकाळी सात वाजता मी गॅरेजवर येतो. तोवर ती व्हॅन रस्त्यावर यायची नाही. मुलांच्या घरी आज रात्री तूच जा आणि सांग की दोन-चार दिवस व्हॅन येणार नाही. कारणही खरं सांग. प्लग आणि कॉइल काढून टेबलावर मांडून ठेव, कॉम्प्रेशन गेज मी आणतो. आणि तो स्पेसर सेन्सरखालून काढून माझ्या हातात दे.