विकण्याआधीचं पॉलिश

पॉलिश म्हणजे गाडीवर काहीतरी चमकदार लावणं, असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर पॉलिश काढून टाकतं. त्यात अतिशय बारीक घासणारे कण असतात. गाडीच्या रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसली की धुळीचे कण या थरावर ओरखडे उठवतात. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं ना, ते हेच. उजेड त्या ओरखड्यांवरून सैरावैरा विखुरतो आणि गाडी निस्तेज दिसते. पॉलिश तो थर किंचित झिजवून सपाट करतं. म्हणजे प्रत्येक वेळची चकाकी आपण शिलकीतून खर्च करत असतो.

ग्लेझ याच्या बरोबर उलट. ते ओरखडे काढत नाही, बुजवतं. काही वेळा गाडी धुतली की सगळं पुन्हा वर येतं. बाजारात मात्र दोन्हींना पॉलिशच म्हणतात.

मामांची १२ वर्षं जुनी हॅचबॅक विकायची होती आणि ते काम माझ्याकडे आलं. एजंट म्हणाला, "दादा, आधी रबिंग-पॉलिश मारून घ्या. गिऱ्हाईक डोळ्यांनी गाडी घेतं." मागचं डावं दार पूर्वी ठोकलं गेलं होतं; पुट्टी भरून रंगवलेलं. निरखून पाहिलं तर कडेला घासकामाच्या रेषा दिसायच्या. "त्यावर ग्लेझ मारू, कळणार पण नाही."

यात गैर काय? मुलाखतीला जाताना आपण शर्टाला इस्त्री करतोच की.

प्लेटोच्या 'गॉर्जियस' या संवादात सॉक्रेटिस व्यायाम आणि प्रसाधन यांत फरक करतो. व्यायामाने शरीर खरंच सुदृढ होतं, प्रसाधनाने ते तसं नुसतं भासतं. म्हणून प्रसाधन ही खुशामत. या हिशेबाने इंजिनची सर्व्हिसिंग खरी आणि रंगाची सगळी उठाठेव खोटी ठरेल. मला हे पटत नाही. पॉलिश केलेलं बॉनेट खरंच सपाट झालेलं असतं. खरं-खोट्याची रेघ इंजिन आणि रंग यांच्यामधून जात नाही, पॉलिश आणि ग्लेझ यांच्यामधून जाते.

मी एक साधा प्रश्न लावून पाहिला: समोरच्याला सांगून टाकलं तरी या गोष्टीचा उपयोग उरतो का? "काल पॉलिश केलंय" म्हटलं तरी बॉनेट चकाकतंच. इस्त्रीचंही तसंच, शर्टाला इस्त्री केलीय हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण "दाराच्या खुणा बुजवल्यात" म्हटलं की ग्लेझचं कामच संपलं. ते गिऱ्हाइकाच्या अज्ञानावरच चालतं.

तरी पॉलिशही पूर्ण निर्दोष सुटत नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन एक गाजलेला निबंध लिहिला. (२००१ च्या नोबेलमागे तो होता.) चांगली गाडी कुठली आणि रद्दी कुठली हे घेणाऱ्याला ओळखता येत नसेल, तर तो कोणत्याच गाडीला चांगला भाव देत नाही, मग चांगल्या गाडीचा मालक विकायलाच येत नाही. चकाकी ही आजवर निगा राखल्याची खूण होती. आता विकण्याच्या आदल्या दिवशी सगळेच ती विकत घेतात. यात गिऱ्हाईक फसतं, आणि वर्षानुवर्षं मऊ ओल्या कापडाने गाडी जपणाऱ्याचा पुरावाही बाद होतो.

शेवटी मी बॉनेट आणि टपाला पॉलिश करून घेतलं, दार तसंच ठेवलं. गाडी बघायला आलेला मुलगा माझ्याच वयाचा होता, पहिली गाडी, तीही कर्जावर. त्याने विचारायच्या आधीच मी दाराचं सांगितलं. त्याने लगेच भाव पाडला, आणि त्याच भावात गाडी गेली.

मामा चिडले. "तुझ्या तत्त्वज्ञानाचे पैसे मी भरले," म्हणाले. एजंटला मी दोन वाक्यांत गप्प केलं असतं. पण गाडी मामांची होती, आणि सांगण्याआधी मी त्यांना विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, आणि मी तरीही सांगितलं असतं. त्या पैशांवर माझा हक्क काय होता, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.