कर्ता पुरुष आणि करदाता

कर जबर झाले की कर्त्या पुरुषाचा मान जातो आणि घरं विस्कटतात, ही तक्रार बऱ्याच देशांत ऐकू येते. पुरावा म्हणून स्वीडनचं नाव हटकून पुढे केलं जातं. पण स्वीडिश पुरुषाची जागा नुसत्या कराच्या ओझ्याने हलली नाही. कर कुणाच्या नावाने मोजायचा, हे बदललं तेव्हा ती हलली.

१९७१ पूर्वी तिथे नवरा-बायकोचं उत्पन्न साधारणपणे एकत्र धरलं जाई आणि दर चढते असत. नवरा चांगला मिळवता असेल, तर बायकोची पहिली कमाईही त्याच्या वरच्या टप्प्यात जाऊन बसे. त्यातून पाळणाघर आणि बसभाडं वजा केल्यावर हाती काय उरणार? तिचं घरी बसणं जितकं रूढीचं, तितकंच हिशेबाचं होतं. १९७१ मध्ये दोघांच्या पगारावर वेगवेगळा कर लागू झाला आणि एका गलेलठ्ठ पगारापेक्षा दोन मध्यम पगार परवडू लागले. दर जितके चढे, तितका हा फरक मोठा. एकट्याने घर चालवण्याची ऐट महाग पडू लागली ती अशी.

   

ऐट गेली म्हणून सवयी गेल्या नाहीत. १९७४ मध्ये बाळंतपणाची रजा वडिलांनाही खुली झाली, पण पुरुष तिच्याकडे फिरकेनात. मग सरकारने जाहिरातीसाठी एक धिप्पाड वेटलिफ्टर निवडला आणि त्याच्या हातात तान्हं मूल दिलं. पोराला घेतल्याने मर्दानगी कमी होत नाही, हे सांगायला एवढे दंड लागले! तरीही खरा फरक पडला तो १९९५ मध्ये, एक महिना दुसऱ्या पालकासाठी राखून ठेवल्यावर: वडिलांनी तो घेतला नाही तर बुडणार. पोस्टरपेक्षा नियमाने जास्त काम केलं.

म्हणजे तक्रार खोटी का? पूर्ण नाही. १९७६ मध्ये लेखिका ॲस्ट्रिड लिंडग्रेनच्या कमाईच्या वरच्या टप्प्यावर १०२ टक्के कर निघाला. त्यावर तिने उपरोधिक गोष्ट लिहिली आणि देशभर गदारोळ झाला. त्याच वर्षी सोशल डेमोक्रॅट्सची चार दशकांची सत्ता गेली. ती स्वतः त्याच पक्षाची मतदार, हे विशेष.

मला खटकतं ते पुढचं. स्वीडनने २००४ मध्ये वारसा कर आणि २००७ मध्ये संपत्ती करही काढून टाकला. पगारावरचा कर मात्र आजही भारी आहे. राबून वर आलेल्याची उंची छाटायची आणि बापजाद्यांच्या मिळकतीवर बसलेल्याची तशीच ठेवायची, याला मी समता म्हणणार नाही. पुरुषांच्या मानापानाचीच चर्चा करायची, तर ती कमावता आणि वारस या दोघांत व्हायला हवी. बायकोच्या पगाराला त्यात ओढण्याचं कारण नाही.

आपणही फार वेगळे नाही. इस्टेट ड्युटी १९८५ मध्ये गेली, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. नोकरदाराचा कर मात्र पगार हाती पडण्याआधीच कापला जातो.